प्रोसेसर वाट कशाची पाहतो : संगणक-रचनेच्या अभ्यासाला प्रस्तावना

२०२४ सालच्या ऑगस्टमध्ये एएमडीने रायझन ९००० ही डेस्कटॉप प्रोसेसरची मालिका बाजारात आणली आणि ऑक्टोबरमध्ये इंटेलने कोअर अल्ट्रा २००. दोन्हींची आतली रचना बरीच नवी होती, तरी दोन्हींचं स्वागत विचित्र झालं. गेम खेळणाऱ्यांनी नाकं मुरडली. इंटेलचा नवा २८५के तर काही गेममध्ये त्याच कंपनीच्या वर्षभर जुन्या १४९००के च्याही मागे पडला. उलट ज्यांचं काम आकड्यांच्या लांबलचक रांगांवर गणित करण्याचं होतं, त्यांना रायझनच्या त्याच चिपा आधीच्या पिढीपेक्षा चांगल्याच तेज वाटल्या. इंटेलच्या चिपेने गेम खेळताना वीज कमी खाल्ली, हेही खरं. मग ही पिढी पुढे गेली म्हणायची की मागे?

याला एका वाक्यात उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. ते उत्तर एका वाक्यात का बसत नाही हे कळू लागलं, की संगणक-रचना या विषयाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं. पुढची प्रकरणं अशा आत येणाऱ्यांसाठी आहेत.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोरचा वाचक खानापूर तालुक्यातला आहे. जांबोटी, नंदगड, लोंढा, गर्लगुंजी अशा कुठल्या तरी गावच्या मराठी शाळेतून दहावी झालेला, पीयूसीला सायन्स घेतल्यावर एकाएकी इंग्रजीत जाऊन पडलेला, आणि आता रोज सकाळची बस धरून बेळगावला इंजिनिअरिंगला जाणारा. किंवा जाणारी, आमच्या वर्गांत मुलींची संख्या आता कमी नसते. त्या रस्त्यावर मच्छ्याला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं ज्ञानसंगम आवार लागतं. तिथून येणाऱ्या प्रश्नपत्रिकेची धास्ती सगळ्यांना असते, त्यामुळे या मुलांना इंटेलच्या ८०८६ या जुन्या प्रोसेसरच्या रजिस्टरांची नावं झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतात. पण घरच्या काकांनी ‘नवीन पिढीचा घेऊ, की मागच्या पिढीचा स्वस्तात मिळतोय तो घेऊ?’ असं विचारलं की पंचाईत होते. अभ्यासक्रमातली चिप आणि दुकानातली चिप यांच्यात पंचेचाळीस वर्षांचं अंतर आहे. ते तोडायला फार अवघड गणित लागत नाही. चिकाटी लागते, आणि कुठलाही वेग समोर आला की ‘कोणत्या कामाचा?’ असं विचारण्याची सवय लागते.

एकेकाळी ही सवय नसली तरी चालत असे. प्रोसेसरचा क्लॉक किती मेगाहर्ट्झ एवढं पाहिलं की भागायचं. १९७८ चा ८०८६ पाच मेगाहर्ट्झवर चालायचा, त्यात सुमारे २९ हजार ट्रान्झिस्टर होते. १९९३ चा पहिला पेंटियम, ज्याच्या निर्मितीत पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचा मोठा वाटा होता, ६६ मेगाहर्ट्झपर्यंत गेला. ट्रान्झिस्टर ३१ लाख. २००४ मध्ये पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला. अकरा वर्षांत क्लॉक ५७ पट. त्या दिवसांत दोन वर्षं थांबून कॉम्प्युटर घेणारा माणूस शहाणा ठरे.

मग गाडी अडली. त्याच २००४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केल्याचं जाहीर केलं. आज वर सांगितलेल्या दोन्ही मालिकांमधल्या सर्वांत वरच्या चिपांचा कमाल क्लॉक ५.७ गिगाहर्ट्झ आहे, तोही सगळे कोअर एकदम कामाला लागले तर टिकत नाही. म्हणजे वीस वर्षांत जेमतेम दीडपट. तरीही आजची चिप २००४ च्या चिपेपेक्षा कितीतरी पटींनी जास्त काम करते. हा फरक क्लॉकमधून आलेला नाही, तर मग आला कुठून, हा या सगळ्या अभ्यासाचा गाभा आहे.

आधी अडलं कशामुळे ते पाहू. चिपेत खर्च होणारी वीज ढोबळ मानाने क्लॉकच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लॉक वाढवायचा तर ट्रान्झिस्टर लवकर उघडमीट व्हायला हवेत, आणि एका मर्यादेनंतर त्यासाठी व्होल्टेजही वाढवावं लागतं. समजा दोन्ही १५ टक्क्यांनी वाढवलं. १.१५ चा घन १.५२ येतो. म्हणजे १५ टक्के वेगासाठी ५२ टक्के जास्त वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन बोटाच्या नखाएवढ्या सिलिकॉनमधून बाहेर काढायची. पूर्वी यावर एक उपाय आपोआप मिळत असे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरवलं, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसतात आणि वीज तेवढीच राहते. तीस वर्षं उद्योग या सवलतीवर जगला. पुढे व्होल्टेज आणखी खाली आणलं की ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज गळू लागली, आणि सवलत संपली.

व्होल्टेजशी फार सलगी केली तर काय होतं तेही अलीकडेच जगाने पाहिलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप चिपा काही महिन्यांच्या वापरानंतर अस्थिर होतात, प्रोग्रॅम मध्येच पडतात, अशा तक्रारी आल्या. २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं की चिपेतला मायक्रोकोड काही प्रसंगी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. दुरुस्त मायक्रोकोड दिला गेला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण ज्या चिपा आधीच झिजल्या होत्या त्या मायक्रोकोडने पूर्ववत होणार नव्हत्या. वर्गात ‘रिलायेबिलिटी’ हे प्रकरण कोरडं वाटतं म्हणून सोडून देणाऱ्यांना मी हे उदाहरण मुद्दाम सांगतो.

आपल्या भागात विजेचा विचार आणखी एका अंगाने करावा लागतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात तारांवर फांदी पडली की वीज कंपनीची, म्हणजे हेस्कॉमची, माणसं येईपर्यंत अंधार. घरोघरच्या कॉम्प्युटरखाली जो ६०० व्हीएचा यूपीएस ठेवलेला असतो तो साधारण ३६० वॅटच पेलतो. १४९००के ला कंपनीनेच २५३ वॅटपर्यंत जाण्याची मुभा दिली आहे. त्यात बरंसं ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मिळवा. ऐन कामात वीज गेली तर यूपीएस एकदा किंचाळतो आणि मशीन बसतं. रायझन ९७००एक्स ही आठ कोअरची चिप ६५ वॅटच्या वर्गात आली, प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत जाणारी. परीक्षकांनी तिला ‘मागच्यापेक्षा फारशी तेज नाही’ म्हणून बोल लावला, तेव्हा कंपनीने बायॉसमधून १०५ वॅटचा पर्याय खुला केला. खानापुरातल्या घरात मी तो पर्याय चालू करणार नाही. कमी विजेत तेवढंच काम हीही प्रगतीच आहे, फक्त तिचे आलेख देखणे दिसत नाहीत.

आता गाभ्याकडे वळू. एखाद्या प्रोग्रॅमला लागणारा वेळ हा तीन संख्यांचा गुणाकार असतो: एकूण सूचना किती, दर सूचनेमागे सरासरी किती सायकल, आणि एका सायकलला किती वेळ. तिसरी संख्या म्हणजे क्लॉक. ती गोठली हे आपण पाहिलं. पहिली कंपायलरच्या आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातात. उरली मधली. वीस वर्षांतली बहुतेक कारागिरी तिथेच झाली आहे. आणि ही मधली संख्या फुगते ती गणिताने नव्हे, खोळंब्याने. दोन आकड्यांची बेरीज करायला एक सायकल पुरते. ते आकडे हाताशी येईपर्यंत शेकडो सायकली जाऊ शकतात.

खानापूरच्या मातीची भांडी नावाजलेली. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही इथेच आहे. चाकावर बसलेल्या कुंभाराकडे नीट पाहा. मळलेला गोळा आणि पाण्याचं भांडं त्याच्या हाताशी असतं. गोळे संपले तर उठून पडवीतल्या ढिगाकडे जायचं. ढीगही संपला तर तळ्याकडून माती यायची, पाखडायची, भिजवायची, आणि तोवर चाक उभं. चाक कितीही जोरात फिरवता आलं म्हणून संध्याकाळी मडकी जास्त निघत नाहीत. माती वेळेवर हाताशी आली तर निघतात.

प्रोसेसरमध्ये हाताशी असलेल्या जागेला एल-वन कॅश म्हणतात. झेन ५ म्हणजे रायझन ९००० च्या कोअरमध्ये आकड्यांसाठीची एल-वन ४८ किलोबाइटची आहे, आधी ३२ ची होती. तिथून आकडा यायला चार सायकली. मग दर कोअरला एक मेगाबाइट एल-टू, तिथे चौदाच्या आसपास सायकली. मग आठ कोअरांत सामाईक ३२ मेगाबाइट एल-थ्री, सुमारे पन्नास. आणि तिथेही नसेल तर रॅम. रॅमहून आकडा यायला ८० नॅनोसेकंदांच्या आगेमागे लागतात. ५ गिगाहर्ट्झला एक सायकल ०.२ नॅनोसेकंदाची, म्हणजे ४०० सायकली. तेवढ्या एका सायकलीत प्रकाशसुद्धा सहा सेंटिमीटरच जातो, आणि मदरबोर्डावर रॅमपर्यंत जाऊन परत येण्याचं अंतर त्याहून जास्त भरतं. इथे भौतिकशास्त्राशी हुज्जत घालता येत नाही. कॅश मोठी करा म्हणावं, तर मोठी कॅश हळू होते आणि महाग जागा खाते. म्हणून पायऱ्या.

या पायऱ्यांमधला अलीकडचा सर्वांत चतुर बदल मला एएमडीने २०२२ च्या एप्रिलमध्ये ५८००एक्स३डी या चिपेत केलेला वाटतो. आडव्या जागेत कॅश वाढवण्याऐवजी त्यांनी ६४ मेगाबाइट कॅशचा वेगळा तुकडा मूळ चिपेच्या डोक्यावर चिकटवला. एल-थ्री एकदम ९६ मेगाबाइटची झाली. गेममध्ये चिप उसळली, कारण गेमचा प्रोग्रॅम सतत इकडचा-तिकडचा आकडा मागत असतो आणि त्याचा बराच वेळ रॅमची वाट पाहण्यात जातो. पण डोक्यावरच्या तुकड्याने खालच्या कोअरांची उष्णता अडवली, त्यामुळे क्लॉक उतरवावा लागला. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ९८००एक्स३डी मध्ये तोच तुकडा खाली घातला आणि कोअर वर घेतले. आता कोअर थेट कूलरला भिडले. आधीच्या ७८००एक्स३डी चा मूळ क्लॉक ४.२ गिगाहर्ट्झ होता, हिचा ४.७. अशी उलटापालट ऐकायला सोपी. ती करायची म्हणजे कोअरांना लागणारी सगळी वीज खालच्या कॅशच्या तुकड्यातून उभ्या तारा काढून वर न्यावी लागते.

कॅश हा खोळंबा कमी करण्याचा मार्ग झाला. दुसरा मार्ग म्हणजे खोळंबा झालाच तर त्या वेळात दुसरं काम उरकणं. आजचा कोअर सूचना लिहिलेल्या क्रमाने पार पाडत नाही. तो पुढच्या शेकडो सूचना आत ओढून घेतो, त्यांतल्या कोणत्या कोणावर अवलंबून आहेत ते ताडतो, ज्यांचे आकडे तयार आहेत त्या आधी उरकतो, आणि बाहेरच्या जगाला मात्र सगळं क्रमाने झाल्याचं दाखवतो. मागच्या पिढीच्या झेन ४ मध्ये एका वेळी ३२० सूचना अशा विचाराधीन राहू शकत होत्या, झेन ५ मध्ये ४४८. दर सायकलीला सहाऐवजी आठ सूचना आत सोडता येतात. पूर्णांकांची गणितं करणारे चार विभाग होते ते सहा झाले. ५१२ बिटांची रुंद गणितं झेन ४ दोन हप्त्यांत करायचा, हा एका दमात करतो. आकड्यांच्या रांगांवर काम करणारे खूश का झाले ते इथे कळतं.

मग गेमवाले नाराज का? कारण त्याच मालिकेत रॅमशी बोलणारा तुकडा, ज्याला आयओ डाय म्हणतात, तो मागच्या पिढीचाच ठेवला होता. कोअर रुंद झाला, रॅम तितकीच लांब राहिली. ज्या प्रोग्रॅमचा वेळ गणितात जातो त्याला फायदा, ज्याचा वाट पाहण्यात जातो त्याला थोडका. तीच चिप कॅश वाढवून ९८००एक्स३डी म्हणून आली तेव्हा त्याच गेमवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. सुरुवातीच्या कोड्याचा निम्मा उलगडा एवढ्यात होतो.

या पुढे-पुढे पाहण्यात एक जुगार असतो तो मात्र विसरू नये. प्रोग्रॅममध्ये ‘असं असेल तर इकडे, नाहीतर तिकडे’ अशी फाटाफूट पावलोपावली येते. अटीचं उत्तर येईपर्यंत थांबणं परवडत नाही, म्हणून कोअर अंदाज बांधतो आणि त्या वाटेने चालू पडतो. अंदाज चुकला तर केलेलं पुसून परत येतो. बहुतेक प्रोग्रॅमांत तो शंभरात पंचाण्णवहून जास्त वेळा बरोबर येतो. पुसतानाही कॅशमध्ये ठसे राहतात, आणि त्या ठशांवरून दुसऱ्याचं गुपित वाचता येतं, हे २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर आणि मेल्टडाउन या नावांनी जाहीर झालं. वीस वर्षं सगळ्या उद्योगाने निव्वळ वेगाची युक्ती म्हणून जे वापरलं, ते सुरक्षेचं भगदाड निघालं. या विषयात कुठलीच सोय फुकट नसते हे एव्हाना ध्यानात आलं असेल.

इंटेलची बाजू समजून घ्यायला अनेक कोअरांचा प्रश्न हाती घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मी विद्यार्थ्यांना आधी पुण्याला नेतो. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. अकोला जिल्ह्यातले विजय भटकर त्याचे प्रमुख. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्याची गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते, पण त्यातला रचनेचा मुद्दा सांगायचा राहून जातो. क्रेसारखा एक प्रचंड प्रोसेसर करणं या लोकांच्या हातात नव्हतं. त्यांनी ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर घेतले, ज्यांतल्या प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे होते, आणि असे पुष्कळ एकमेकांना जोडले. म्हणजे एक जबरदस्त प्रोसेसर की अनेक मध्यम, आणि अनेक असतील तर त्यांच्यात बोलाचाली कशी, हा प्रश्न पुण्यात तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच हाताळला गेला होता. आज तोच प्रश्न चार सेंटिमीटरच्या चौकोनात येऊन बसला आहे.

२८५के मध्ये आठ मोठे आणि सोळा छोटे असे चोवीस कोअर आहेत. चोवीस म्हणून काम चोवीसपट होत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशेब करून पाहा: कामाचा ९० टक्के भाग वाटून देता येत असेल आणि १० टक्के एकट्यानेच करावा लागत असेल, तर चोवीस कोअर मिळूनही सव्वासात पटच वेग मिळतो. म्हणून एकट्याच्या कामासाठी थोडे मोठे कोअर आणि वाटून घेण्याच्या कामासाठी पुष्कळ छोटे, ही रचना. डेस्कटॉपवर इंटेलने ती २०२१ च्या बाराव्या पिढीपासून चांगलीच रुजवली. या नव्या पिढीत छोटे कोअर इतके सुधारले की एका मोठ्या कोअरवर दोन धागे चालवण्याची जुनी युक्ती, हायपर-थ्रेडिंग, इंटेलने काढूनच टाकली. १४९००के मध्ये चोवीस कोअरांवर बत्तीस धागे चालत. इथे चोवीसांवर चोवीस. दुकानातल्या कार्डावर हे उतरलेलं दिसतं. रचनाकाराच्या नजरेने पाहिलं तर ती साफसफाई आहे.

पण दुसरा एक बदल अंगाशी आला. ही चिप एकसंध नाही; गणिताचा तुकडा, ग्राफिक्सचा, रॅम सांभाळणारा, बाहेरच्या जोडण्यांचा, असे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या प्रक्रियांनी घडवून एका तळावर बसवले आहेत. गणिताचा तुकडा तर इंटेलच्या नव्हे, तैवानच्या टीएसएमसीच्या कारखान्यात बनतो. तुकडे करण्याचे फायदे पुष्कळ: लहान तुकड्यात दोष निघण्याची शक्यता कमी, आणि महागडी प्रक्रिया फक्त गरज असेल तिथे. एएमडी डेस्कटॉपवर हे २०१९ पासून करत आली आहे. मात्र इंटेलच्या या मांडणीत रॅमचा नियंत्रक कोअरांपासून वेगळ्या तुकड्यावर गेला, आणि रॅमपर्यंतचा फेरा लांबला. कोअर सुधारले, खोळंबा वाढला. गेममधली पीछेहाट बऱ्याच अंशी इथून आली. माझं मत विचाराल तर ही पिढी ग्राहकापेक्षा कारखान्याच्या सोयीची होती. पुढच्या पिढ्यांना तिचा उपयोग होईल. तिला विकत घेणाऱ्याने त्याची किंमत का मोजावी, हा प्रश्न वेगळा.

हे सगळं अमेरिकेत नाहीतर तैवानात घडतं आणि आपण फक्त विकत घेतो, असं म्हणणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. पूर्ण खरं नाही ते. १९६० मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक देशातच रचून उभा केला होता. आयआयटी मुंबईत माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली अजित हा प्रोसेसर घडला आणि मोहालीच्या कारखान्यात १८० नॅनोमीटरच्या प्रक्रियेवर त्याची चिप निघाली. आजच्या डेस्कटॉपशी त्याची तुलना करायची नसते. पण कोऱ्या कागदापासून चिपेपर्यंतचा सगळा रस्ता त्या लोकांनी चालून पाहिला. इंटेलचा सहा कोअरचा डनिंग्टन हा सर्व्हर प्रोसेसर २००८ मध्ये आला तो बंगळुरात रचलेला होता. आपल्या खानापूर-लोंढ्यावरून रात्री जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस सकाळी जिथे सोडते, त्या शहरात चिपांची रचना आणि तपासणी करणारी हजारो माणसं आज नोकरीला आहेत. तपासणीचं काम मी मुद्दाम वेगळं सांगितलं. चिप रचण्यापेक्षा ती बरोबर आहे हे सिद्ध करायला जास्त माणसं आणि जास्त वेळ लागतो, आणि त्या कामाला लागणारी शंकेखोर वृत्ती गावाकडच्या मुलांत भरपूर असते.

सॉफ्टवेअरच्या बाजूनेही या विषयात येता येतं. आयआयटी मुंबईत शिकून पुढे इलिनॉय विद्यापीठात गेलेल्या सरिता अडवे यांनी अनेक कोअर एकाच स्मृतीत एकदम लिहू-वाचू लागले तर कोणाला काय दिसावं याचे नियम मांडण्याचं मोठं काम केलं. जावा आणि सी++ या भाषांच्या नियमांत ते उतरलं आहे. त्यांचे पती विक्रम अडवे यांच्या मार्गदर्शनाखाली ख्रिस लॅटनर यांनी एलएलव्हीएम हा कंपायलरचा पाया रचला, तो आज जगभर वापरात आहे. वर सांगितलेल्या तीन संख्यांपैकी पहिली अशा लोकांच्या हातात असते.

मोजमापाबद्दल एक इशारा देतो. बेंचमार्क म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी काम असतं. तुमचं काम त्याच्यासारखं असेल तेवढ्याच प्रमाणात त्याचा आकडा तुमच्या कामाचा. खानापूरच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीच्या दुकानांत श्रीलिपीवर मराठी टाइप करणारा माणूस दिवसभर बसलेला असतो. मशीन जुनं कोअर टू ड्युओ, फाइल उघडायला मिनिट, पीडीएफ काढताना चहा पिऊन येण्याइतका वेळ. अशा माणसाला नव्या पिढीचा प्रोसेसर सुचवण्याआधी त्याच्या मशीनची खडखडणारी हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसवून बघावी. त्याचा खोळंबा प्रोसेसरमध्ये नव्हताच. आणि झाकण उघडलंच आहे, तर कूलरच्या पात्यांमध्ये गच्च बसलेली लाल धूळ ब्रशने काढावी. चिप तापली की आपला क्लॉक आपणच उतरवते. धुळीने गुदमरलेली महागडी चिप स्वच्छ ठेवलेल्या स्वस्त चिपेहून हळू चालताना मी पाहिली आहे. काकांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच कुठे तरी आहे: घरकाम, टाइपिंग, मुलांचा अभ्यास यांसाठी मागची पिढी घ्या, उरलेल्या पैशांत रॅम आणि एसएसडी वाढवा.

हा विषय वाचून येत नाही, मोजून येतो. त्यासाठी नवं मशीन लागत नाही. लिनक्स चढवलेला कुठलाही जुना लॅपटॉप, सी भाषेची तोंडओळख आणि जीसीसी कंपायलर एवढं पुरे. पहिलं प्रकरण सुरू करण्याआधी एक प्रयोग करून या. ४०९६ ओळी आणि ४०९६ स्तंभ असलेला पूर्णांकांचा चौकोन घ्या. दर आकडा चार बाइटांचा, म्हणजे बरोबर ६४ मेगाबाइट. साध्या ९७००एक्सच्या एल-थ्रीत हा मावत नाही, ९८००एक्स३डीच्या मावतो. सगळ्या आकड्यांची बेरीज आधी ओळीने करा, मग स्तंभाने, आणि दोन्हींचा वेळ नोंदवा. बेरजा तेवढ्याच, उत्तर तेच, वेळेत मात्र मोठा फरक दिसेल. रॅममधून माल ६४-६४ बाइटांच्या गठ्ठ्यांत येतो: ओळीने गेलं की गठ्ठ्यातले सोळाही आकडे लगोलग कामी येतात, स्तंभाने गेलं की एक वापरून पुढे जावं लागतं. कंपायलरला ओ-टू एवढीच सूचना द्या. ओ-थ्री दिलीत तर तो हुशारी करून तुमचे लूप आपणच उलटवू शकतो आणि प्रयोग फसतो.

मग ४०९६ च्या जागी दोन्हीकडे ४१०० घाला आणि स्तंभाची बेरीज पुन्हा मोजा. आकडे वाढले आहेत, काम वाढलं आहे, तरी बहुतेक मशीनवर वेळ कमी भरेल. दोनचा घात असलेली लांबी कॅशला का मानवत नाही याचा कागदावर अंदाज बांधून ठेवा. चौथ्या प्रकरणात आपण तो ताडून पाहणार आहोत.